भाच्याचा फॉर्म आणि जुनी केस

प्रिय मित्रा,

परवा फोनवर घाईघाईत बोललो, म्हणून आता सविस्तर लिहितो. व्हर्जिनियात आमच्या आसपास संरक्षण खात्याची आणि सरकारी कंत्राटदारांची इतकी ऑफिसं आहेत की ‘क्लिअरन्स आला का?’ हा प्रश्न सत्यनारायणाच्या जेवणातही ऐकू येतो. क्लिअरन्स म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्यासाठी लागणारी सरकारी मंजुरी.

क्लिअरन्ससाठी अर्ज करणाऱ्या तुझ्या भाच्याची केस तू सांगितलीस तेवढीच धरतो. कॉलेजात असताना पिऊन गाडी चालवली, पोलिसांनी धरलं. वकिलानं केस निकालात काढली आणि रेकॉर्डही पुसून घेतलं. त्याला आठ वर्षं झाली. ताई म्हणतात, मिटलेलं कशाला उकरून काढायचं? त्यांची काळजी मला समजते, पण हा सल्ला पोराचं नुकसान करील.

क्लिअरन्ससाठी भरायचा एसएफ-८६ हा फॉर्म शंभरावर पानांचा आहे. अटक, आरोप, शिक्षा यांबद्दल तो आधी गेल्या ७ वर्षांचं विचारतो. ताईंचा भरवसा या सातावरच आहे. पण त्याच भागात पुढे ‘कधीही’ असं ठळक अक्षरात विचारलेले प्रश्न येतात, आणि दारू किंवा ड्रग्जशी संबंधित आरोप त्यात मोडतो. वाहतुकीचा ३०० डॉलरच्या आतला दंड लिहावा लागत नाही, पण दारूचा संबंध आला की ही सूट गेली. कोर्टानं रेकॉर्ड पुसलं असलं किंवा केस काढून टाकली असली, तरी लिहायचंच. अपवाद आहे तो अमली पदार्थांच्या काही फेडरल केसेसपुरता.

आता धीराची गोष्ट. जून २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत १३ निकष आहेत. दारू हा एक, गुन्हेगारी वर्तन हा दुसरा. प्रत्येक निकषाखाली शंका कशानं वाढते हे दिलंय, तसं ती कशानं कमी होते हेही दिलंय: किती काळ लोटला, पुन्हा असं घडलं का, चूक कबूल केली का, समुपदेशन पूर्ण केलं का. एकदाच घडलेली, आठ वर्षं जुनी घटना आणि त्यानंतर स्वच्छ वागणूक, ही बाजू भक्कम आहे. पण लपवलं तर प्रकरण ‘वैयक्तिक वर्तन’ या निकषात जातं, आणि तिथे तपासतात तो प्रामाणिकपणा. जे आपण घरच्यांपासून, साहेबांपासून लपवतो, त्याच गोष्टीवरून कुणी आपल्याला धमकावू शकतं, हे त्यामागचं कारण. शिवाय फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

थॉमस ईगन नावाच्या माणसाची केस भाच्याला जरूर वाचायला दे. १९८१ मध्ये तो वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टन इथे, ट्रायडंट पाणबुड्यांच्या दुरुस्ती केंद्रात मजूर म्हणून लागला. नौदलानं त्याला क्लिअरन्स नाकारला. मारहाणीच्या आणि बंदुकीच्या जुन्या शिक्षा होत्या, पूर्वीचं दारूचं व्यसन होतं, आणि भरलेली बंदूक बाळगल्याच्या दोन शिक्षा त्यानं अर्जात लिहिल्याच नव्हत्या. का नाही लिहिल्या? त्याचं उत्तर होतं, सात वर्षांहून जुन्या शिक्षा फॉर्ममध्ये विचारल्या आहेत असं मला वाटलं नाही. शिक्षा भोगून झाली, तीन वर्षं दारूचा त्रास नाही, असंही तो म्हणाला. नोकरी गेलीच. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही. शंका उरली तर तिचा फायदा देशाच्या सुरक्षिततेला मिळतो, अर्जदाराला नाही. मला हे कठोर वाटतं, पण नियम असाच आहे. काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे अर्जदारानं आपल्या मनानं ठरवायचं नसतं.

आपल्याकडे भारतात सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीतही हाच घोळ होतो. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टानं किरकोळ गुन्हा लपवणाऱ्याला माफ करण्याची वाट ठेवली, पण माहिती खरीच द्यायची, हे बजावूनच.

तेव्हा ताईंना माझं नाव घेऊन सांग. पोराला आधी केस चालली त्या कोर्टातून कागद मागवू दे, म्हणजे तारीख आणि कलम चुकणार नाही. समुपदेशन झालं असेल तर त्याचं प्रमाणपत्र शोधून ठेवू दे. शंका असेल तिथे या कामातल्या वकिलाला विचारू दे, नातेवाइकांना नको. आणि फॉर्मवर सही करण्याआधी ‘कधीही’वाले सगळे प्रश्न त्यानं पुन्हा एकदा सावकाश वाचावेत.

तुझा,
व्हर्जिनियाचा मित्र