तक्रार न येणारा उशीर

घरात माझ्या नोकरीचं वर्णन 'कॉम्प्युटरमध्ये काहीतरी' एवढंच होतं, आणि अम्मीचं तेवढ्यावर समाधान असतं. गेल्या ईदला मामूंनी मात्र पिच्छाच पुरवला, दिवसभर नेमकं करतोस काय? म्हटलं, मामू, दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचतो आणि त्यातल्या चुका शोधतो. "म्हणजे भांडणाचा पगार घेतोस!" असं म्हणून त्यांनी शीरखुर्म्याची वाटी पुढे सरकवली. फारसं चूक नव्हतं ते.

सध्या माझ्याकडे वाचायला येतात ते बहुतेक पॅच परवानग्यांचे असतात. मोठ्या संस्थेचा डेटा शेकडो सर्व्हरवर पसरलेला असतो, पण कोणी काय पाहायचं याचे नियम एका मध्यवर्ती ठिकाणी लिहिलेले असतात. प्रत्येक वेळी तिथे जाऊन 'याला आत सोडू का?' असं विचारत बसलं तर ती जागाच गुदमरेल. म्हणून प्रत्येक सर्व्हर नियमांची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि पाठीमागे चालणारा एक छोटा थ्रेड ती प्रत ठरावीक वेळाने ताजी करतो. अपाचे रेंजर हे मुक्त सॉफ्टवेअर असंच चालतं. वेगळी सेटिंग केली नसेल तर त्याचं प्लगिन दर ३० सेकंदांनी मध्यवर्ती सर्व्हरला विचारतं, माझ्याकडे अमुक आवृत्ती आहे, नवीन काही? मिळालेल्या नियमांची एक प्रत ते डिस्कवरही ठेवतं. मध्यवर्ती सर्व्हर बंद पडला तर त्या प्रतीवर काम चालू राहतं.

३० सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण नियमात माणसाचं नाव क्वचितच असतं, बहुधा गटाचं असतं. लेखा विभागाला परवानगी, असं. आता लेखा विभागात कोण कोण आहे, ही यादीसुद्धा कुठेतरी प्रत करून ठेवलेली असते. हडूपमध्ये ती मुळात ३०० सेकंद धरली जाते. नियम ताजा, पण यादी शिळी! एका उशिरावर दुसरा उशीर चढतो आणि पॅच लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुधा त्यातला एकच असतो.

आणि या दोन्ही उशिरांना एक वाकडी सवय आहे. परवानगी मिळायला उशीर झाला तर पाच मिनिटांत फोन येतो, "अहो, मला अजून दिसत नाही." परवानगी काढायला उशीर झाला तर कोणाचाच फोन येत नाही. नोकरी सोडून गेलेला माणूस कळवत नाही की मला अजून सगळं दिसतंय. ज्याची माहिती उघडी राहिली त्याला तर पत्ताही नसतो. म्हणून असा पॅच वाचताना न येणारा तो फोन आपणच करायचा असतो.

मध्यंतरी आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीचा पॅच आला. नीटनेटका होता. जावामध्ये ठरावीक वेळाने काम करून घ्यायची तयार सोय असते, तीच तिने वापरली होती. या सोयीत एक मेख आहे. त्या कामातून एकदा जरी न पकडलेली चूक बाहेर आली, तरी पुढच्या सगळ्या फेऱ्या गुपचूप बंद होतात. प्रोग्राम मरत नाही, पडद्यावर काही दिसत नाही. नेटवर्क दोन सेकंद अडखळलं आणि नियम त्या क्षणी गोठले, ते सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत. मी विचारलं, चूक आली तर काय होईल? दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या चुका पकडणारी ओळ घातली. पकडून काय करायचं, ते मात्र रिकामंच. फेऱ्या चालू राहतील हे खरं, पण प्रत्येक फेरी नापास होत असली तरी कोणाला कळणार?

आणखी एक बारीक गोष्ट होती. नवे नियम भरण्याआधी ती जुनी यादी पुसत होती. त्या निमिषात आलेल्या माणसापुढे नियमच नाहीत. नवी यादी बाजूला पूर्ण बांधायची आणि मग एका झटक्यात जुनीच्या जागी बसवायची, हे तिने लगेच मान्य केलं.

अडलो ते पुढे. मी लिहिलं की नियम फार शिळे झाले तर सर्व्हरने सरळ नकार द्यावा. तिने उत्तर दिलं, "सर, हे रुग्णालयांना जाणार आहे. रात्री दोन वाजता मध्यवर्ती सर्व्हर बंद पडला आणि नर्सला रिपोर्ट उघडता आला नाही, तर?" सुरक्षेवर बोलताना आम्ही लोक नकाराला फार पटकन शहाणपण समजतो. नकाराचीही किंमत असते, आणि ती मोजणारा माणूस आमच्या बैठकीत नसतो. तिचं म्हणणं बरोबर होतं.

शेवटी असं ठरलं. जुन्या नियमांवर काम चालू द्यायचं, पण नियमांचं वय सतत मोजायचं, तेही भिंतीवरच्या घड्याळाने नाही, कारण ते मागेपुढे केलं जातं. पाच मिनिटं उलटली की ड्युटीवरच्या इंजिनिअरला फोन. उपचाराच्या नोंदी सोडून बाकीचे तक्ते, म्हणजे पगार, विमा, कर्मचाऱ्यांची माहिती, ठरलेल्या मर्यादेनंतर बंद. मध्यवर्ती सर्व्हर कायम नकारच देतो, अशी एक चाचणीही तिने लिहिली. खोटं घड्याळ पुढे सरकवून ती सगळी रात्र अर्ध्या सेकंदात काढते.

पॅच गेला. मर्यादेचा आकडा तेवढा राहिलाय. रुग्णालयाचे लोक दोन तास म्हणतात, मी वीस मिनिटांवर अडून बसलोय.