शेत न विकता कॅनडा

वाटूर फाट्यावर चहा पिताना भाईजाननं खिशातून एका एजंटचा रंगीत कागद काढला. "तू शिकलेला आहेस, बघ बरं. दोन एकर विकावं लागंल, पण पोरगी कॅनडाला जाईल."

पुतणीनं रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली आहे. तिला संशोधन करायचं आहे. एजंट तिला दोन वर्षांच्या व्यवस्थापन डिप्लोमाला पाठवत होता, सगळी फी पदरची.

भाईजानचा नाइलाज मला कळत होता. अल्पसंख्याक समाजातल्या पीएच.डी. करणाऱ्यांना आधार देणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३पासून बंद झाली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजाला मदत करणारी 'पढो परदेस' योजनाही त्याच वर्षी गेली. आणि सूद घरात आणायचा नाही, हा अब्बांचा नियम आजही चालतो. मग उरलं शेत.

मी म्हणालो, "भाईजान, डिप्लोमा विकत घ्यावा लागतो. विज्ञानातली पीएच.डी. तिथं बहुतेक ठिकाणी कामासारखी असते." गाईडला संशोधनासाठी अनुदान मिळतं, त्यातून तो विद्यार्थ्याला पैसे देतो. शिवाय खालच्या वर्गांना शिकवायचं काम आणि विद्यापीठाची शिष्यवृत्ती. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठानं सप्टेंबर २०२४पासून पूर्णवेळ पीएच.डी.ला पहिली चार वर्षं दरसाल किमान २४,००० डॉलर ठरवले आहेत. टोरांटो विद्यापीठ २०१८पासून बहुतेक परदेशी पीएच.डी. विद्यार्थ्यांना स्थानिकांइतकीच फी लावतं.

"म्हणजे घरी पैसे पाठवंल?" भाभीनं संध्याकाळी विचारलं. नाही. त्या पैशातून फी जाते, घरभाडं जातं. ती जेमतेम राहील. पण कर्ज राहणार नाही.

बाबासाहेबसुद्धा १९१३मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांच्या. दुसऱ्याच्या पैशावर शिकण्यात कमीपणा नाही. पैसे देणारा शोधावा मात्र लागतो.

तो शोध एजंट करत नाही. विभागाच्या पानावर प्राध्यापकांची नावं असतात. आपल्या विषयाचे निवडायचे, त्यांचे अलीकडचे दोन लेख वाचायचे आणि विचारायचं: पुढच्या सप्टेंबरसाठी विद्यार्थी घेताय का, निधी आहे का? बऱ्याच विभागांत अर्ज डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणून पत्रं पावसाळ्यातच निघायला हवीत. अर्जाची फी कुठं कुठं शंभर डॉलरच्या पुढं असते; म्हणून आधी पत्र, होकार दिसला तरच अर्ज.

पुतणीचं पहिलं पत्र 'आपल्या नामांकित विद्यापीठात' असं सुरू होत होतं. ते कुणालाही पाठवता आलं असतं. आम्ही ते खोडलं. दुसरं सुरू झालं तिच्या प्रकल्पापासून: विहिरीच्या पाण्यात उतरणारे कीटकनाशकांचे अंश. पाणी आमच्याच विहिरीचं होतं.

अकरा पत्रं गेली. सात जणांनी उत्तरच दिलं नाही. तिघांनी नाही म्हटलं, त्यातल्या एकानं यंदा निधी नसल्याचं कळवलं. एकीनं व्हिडिओवर बोलू म्हटलं: बुधवारी, आपल्याकडं रात्री साडेनऊ.

भाईजानचा फोन आला. "त्या वेळेला लाइट गेली तर?"

"तिला घेऊन जालन्याला माझ्याकडं या. आणि एजंटला अजून बयाणा देऊ नका."

"नाही दिला," तो म्हणाला. "दुआ कर."