दुसरी प्रत

१९१७ साली लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून बाबासाहेब मायदेशी परतले, तेव्हा त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या जहाजाने यायचा होता. महायुद्धाचा काळ, पाणतीराच्या माऱ्याने ते जहाज बुडाले आणि ग्रंथ समुद्रार्पण झाले. हा प्रसंग लहानपणी वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकला होता. त्यातला धडा मात्र मी फार उशिरा, त्यांच्याच आवाजाची किंमत मोजून शिकलो.

वडील नामांतर आंदोलनातले साधे कार्यकर्ते. ते ब्रिटनमध्ये आमच्याकडे राहायला आले तेव्हा रोज संध्याकाळी त्यांना बोलते करून मी आठवणी ध्वनिमुद्रित केल्या: गावकुसाबाहेरचे बालपण, वसतिगृह, लाठीमार, आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. एकूण बावीस ध्वनिमुद्रणे. परतल्यावर वर्षभरात ते गेले.

पुढे एका शनिवारी मुलाने फुकटचा खेळ समजून एक फाइल उघडली. तासाभरात संगणकावरील सर्व फाइली कूटबद्ध झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेलीच असे, तीही गेली. दुसऱ्या लॅपटॉपवर आपोआप प्रत जावी अशी सोय मीच केली होती. तिने इमानेइतबारे बिघडलेल्या फाइलीच तिकडे नेल्या. ध्वनिमुद्रण केलेला फोन तोवर बदलला होता. खंडणी दिली नाही. दिल्याने किल्ली मिळेलच याची हमी नसते, त्या धंद्याला बळ मात्र मिळते. दिवसभर परक्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माझी स्वतःच्या घरी ही गत!

चार ध्वनिमुद्रणे परत मिळाली. ती मी पूर्वी औरंगाबादच्या ताईला पाठवली होती आणि तिने मेमरी कार्डात जपली होती. ताई संगणक शिकलेली नाही. "बाबांचा आवाज आहे, पुसायचा कसा?" एवढेच ती म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरी ३-२-१ हा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. हार्ड डिस्क रविवारी जोडतो आणि प्रत होताच काढून कपाटात ठेवतो. दर तीन महिन्यांनी त्यातली एखादी फाइल उघडून पाहतो, कारण न तपासलेला बॅकअप हा केवळ समज असतो. मुलाला ॲडमिन अधिकार नसलेले वेगळे खाते दिले. ई-मेलला दुहेरी पडताळणी लावली. अपडेट पुढे ढकलत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायमुळे इथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांचे काम खोळंबले, तेव्हा ती फट बुजवणारे विंडोजचे अपडेट दोन महिने आधीच आलेले होते.

प्रमाणपत्रे आणि पदव्यांच्या नकला कार्यालयांतून पुन्हा मिळतील. आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही. ती आपल्याच हाती आहे. येत्या रविवारी त्यांची एक प्रत घराबाहेर, एखाद्या ताईकडे, अवश्य पाठवा. माझ्या अठरा संध्याकाळी कायमच्या गेल्या. तुमच्या जाऊ नयेत.