‘नको’चा चौकोन

१२ जून
नैतिकता समितीचे कागद आले. डॉक्टर नाही, वकील नाही, अशी एक सामान्य व्यक्ती समितीत लागते; ती मी. थायरॉईडची गोळी लोक वेळेवर घेतात का, एवढाच अभ्यास: प्रश्नावली आणि एकदा रक्त. कोणाला घ्यायचे नाही त्या यादीत, गरोदर बायकांच्या खाली, ‘बौद्धिक दिव्यांग व्यक्ती’. कारण दिलेले नाही.

भावाला डाऊन सिंड्रोम. पहाटे उपाशीपोटी हीच गोळी घेतो, अकरा वर्षे, न चुकता. मी घाईने चहा ओतला तर ओरडतो, “ताई, अजून अर्धा तास!” डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा त्रास इतरांपेक्षा कितीतरी जास्त. मग यांनाच बाहेर का?

१४ जून
२०१६चा दिव्यांग हक्क कायदा पुन्हा काढला. कलम ६: संशोधन करायचे तर त्या व्यक्तीचीच संमती, तिला समजेल अशा रीतीने घेतलेली. शिवाय सरकारने नेमलेल्या समितीची आधी परवानगी, आणि त्या समितीत निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे. कायदा विचारायला सांगतो. विचारणे कष्टाचे, म्हणून एक ओळ टाकून लोक मोकळे होतात.

भीती मात्र खोटी नाही. न्यूयॉर्कच्या विलोब्रूक शाळेत १९५६ पासून बौद्धिक दिव्यांग मुलांना मुद्दाम काविळीची लागण केली, सह्या आईबापांच्या. आणि आपल्याच जिल्ह्यात, १९९४ मध्ये, शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मुलींची गर्भाशये ससूनमध्ये काढली. ते संशोधन नव्हते. पण निर्णय त्या मुलींचा नव्हता, आणि मला तेच खुपते.

१९ जून
पालखी आज आकुर्डीला, भावाची शेड बंद. एरवी तो तळवड्यातच वॉशर भरतो: लाकडी पाटीवर दहा खुंट्या, प्रत्येकीवर एक वॉशर, पाटी भरली की पिशवीत. आकडे येत नाहीत, पिशवी कधी चुकत नाही.

पाटीवरूनच सुचले. संमतीपत्राच्या चार पानांऐवजी चार चित्रे: प्रश्न विचारणारी बाई, सुई, नाव झाकलेला कागद, उघडे दार. एका वेळी एक. प्रत्येकाखाली दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नको’.

“दार कशाला?”
“मधेच उठून जायचं असेल तर. कोणी रागवायचं नाही.”
“तू पण?”
“मी पण.”

चारही ठिकाणी ‘हो’ केले, माझ्या तोंडाकडे बघत. शहाण्यासारखे ‘हो’ म्हणायला लहानपणापासून आम्हीच शिकवले. आता विचारायला मी नको. शेजारच्या काकूंना सांगेन.

२३ जून
बैठक. एक डॉक्टर म्हणाले, “त्यांना कळलंय, हे आपल्याला कसं कळणार?” म्हटले, त्यांनाच सांगायला लावा. सुई कशाला? नाही आवडलं तर काय करशील? स्वतःच्या शब्दांत सांगता आले तर कळले. आणि हे सगळ्यांनाच विचारा; चार पानांखाली सही करणाऱ्या किती जणांना सांगता येईल?

दीड तास गेला. ओळ निघाली, चित्रे जोडायची ठरली. सरकारी समितीची परवानगी येईपर्यंत यांची नोंदणी मात्र थांबणार. थांबू.

२४ जून
काकूंनी संध्याकाळी चित्रे पुढ्यात ठेवली, मी गच्चीवर. खाली आले तेव्हा तो पाणी पीत होता. प्रश्नांना ‘हो’. कागदाला ‘हो’. दाराला ‘हो’. सुईखाली ‘नको’चा चौकोन, पेन इतके दाबलेले की कागद फाटलाय.

रक्ताशिवाय घेता येईल का, उद्या संशोधकांना फोन करते.