नट आधी घाल, पोरी!

इंजिनिअरिंगला आल्यावर माणूस काय काय शिकतो! कुणी मेसच्या वरणातली डाळ शोधायला शिकतो, कुणी एका रात्रीत चार सबमिशन्स उरकायला. मी साडेचारशे रुपयांत ब्रेक कसे घालवायचे ते शिकले. त्याचीच ही गोष्ट.

बाजा एसएईइंडिया ही स्पर्धा आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. 2007 पासून ती होते. खडबडीत रस्त्यावर चालणारी, एका माणसाची गाडी विद्यार्थ्यांनीच बांधायची. शर्यतीच्या आधी ब्रेक टेस्ट. पळती गाडी थांबवताना चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, नाहीतर घरी जा. आमच्या टीममध्ये ब्रेकचं खातं माझ्याकडे होतं, आणि गाडी चालवणार होती माझी रूममेट.

कॅल्क्युलेशन मी अगदी मन लावून केलं होतं. पायाचा जोर 400 न्यूटन, पेडलचा रेशो 6, म्हणजे मास्टर सिलिंडरवर 2400 न्यूटन. सिलिंडरचा बोअर 19 मिलिमीटर. प्रेशर निघालं 84 बार. कारच्या टायरमध्ये साधारण 2 बार हवा असते, म्हणजे त्याच्या चाळीसपट. हे सगळं प्रेझेंटेशनमध्ये रंगीत ग्राफसकट दाखवून टाळ्याही घेतल्या. पण ते 84 बार शेवटी अडवून धरतो तो नळीच्या टोकाचा जेमतेम मिलिमीटरभर पत्रा, हे काही माझ्या स्लाइडवर नव्हतं.

ब्रेकची नळी स्टीलची असते, बाहेरून 4.75 मिलिमीटर, भिंत 0.7 मिलिमीटरची. तिचं टोक कर्ण्यासारखं फुलवायचं, म्हणजे फ्लेअर करायचं. मग नट ते टोक सीटवर दाबून धरतो. रबर नाही, वॉशर नाही, धातूवर धातू. हे फुलवायचं हत्यार म्हणजे फ्लेअरिंग टूल.

बजेट संपत आलं होतं. बाजारात एका दुकानात छान लाल डबीतलं टूल मिळालं, साडेचारशे रुपयांना. मी विचारलं, "ब्रेकच्या नळीला चालेल ना?" दुकानदार म्हणाला, "सगळ्याला चालतं, मॅडम." मी खुशीत परत आले. मीटिंगमध्ये वाचवलेल्या पैशांबद्दल कौतुकही झालं.

ते टूल होतं एसी-फ्रिजच्या तांब्याच्या नळीसाठी. ते टोक एकदाच फुलवतं, सिंगल फ्लेअर. तांबं मऊ असतं, ते निमूटपणे फुलतं. स्टीलची नळी तशी फुलवली की कड ताणली जाऊन बारीक चीर पडते. मला ती दिसली नाही. ब्लीडिंग केलं, पेडल घट्ट लागलं, नटाजवळ थेंबसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर पाचव्या फेरीत तिने जोरात ब्रेक दाबला आणि पेडल निम्मं आत गेलं. पुढच्या चाकांची लाइन फ्लेअरपाशी फुटली होती. नियमाप्रमाणे दोन स्वतंत्र सर्किट होती, म्हणून मागचे ब्रेक तरी लागले. तरीही गाडी टायरच्या भिंतीवर जाऊन आदळली. तिच्या डाव्या मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर, चार आठवडे प्लास्टर. दोन सर्किटचा नियम मला व्हायव्हासाठी पाठ होता. तो कशासाठी आहे ते त्या दिवशी कळलं.

रूमवर आल्यावर मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, "अगं, होतं असं. मशीन आहे." मी म्हटलं, "मशीन नाही. मी." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग नीट कर. मला परत त्यातच बसायचंय."

वर्कशॉपमधल्या मामांकडे फुटलेली नळी घेऊन गेले. त्यांनी हॅक्सॉने फ्लेअर उभा कापला, कानस मारली आणि भिंग माझ्या हातात दिलं. चीर स्पष्ट दिसत होती. मामा एवढंच म्हणाले, "स्वस्त मिळालं म्हणून नाही गं फुटलं. काय पाहिजे ते ठरवायच्या आधी घेतलंस, म्हणून फुटलं."

आता पुढच्या वर्षीच्या टीमसाठी, मामांकडून शिकलेलं आणि चुकून शिकलेलं, दोन्ही लिहिते.

आधी पोर्टमध्ये बॅटरी मारून बघा. तळाशी वर आलेला कोन दिसला तर 45 अंशांचा डबल फ्लेअर लागतो. यात टोक आधी आत दुमडतात, मग कोनाने दाबतात, म्हणजे कडेला पत्रा दुहेरी होतो. तळ फनेलसारखा खोल असेल तर बबल फ्लेअर, आणि त्याला वेगळी डाय लागते. डबल फ्लेअरची पहिली पायरी करून थांबलं की बबल झाला, असं समजू नका. रेसिंगच्या फिटिंगना 37 अंश लागतात. 45 आणि 37 ची जोडी लावली तर संपर्क फक्त एका बारीक रेषेवर होतो.

मग टूल बघा. डाय नेमकी 4.75 ची हवी. 5 ची डाय "चालते" म्हणाले तर दुकानाबाहेर पडा, कारण नळी सरकते आणि फ्लेअर तिरका होतो. नळी जितकी लांब पकडली जाईल तितकं चांगलं. स्वस्त बार-टूलमध्ये अडॅप्टरची बारीक पिन वाकते किंवा मोडते, तीही तपासा. बेंच व्हाइसमध्ये धरायचं टूल महाग पडतं, पण हात थरथरला तरी फ्लेअर सरळ येतो. आणि पैसे द्यायच्या आधी आपलीच नळी नेऊन दोन फ्लेअर करून बघा. एक उभा कापा. जे दिसेल त्यावर विश्वास ठेवा, डबीवरच्या चित्रावर नाही.

फ्यूएल लाइनचं प्रेशर बरंच कमी, इंजेक्शनच्या गाडीतही साधारण 3-4 बार. तिथे रबरी होज घट्ट बसावी म्हणून नळीच्या टोकाला फुगवटा काढतात, तो याच टूलने निघतो. पण गळलं तर पेट्रोल गळतं, तेव्हा तिथेही हयगय नको.

आम्ही शेवटी वर्गणी काढून व्हाइसवरचं टूल घेतलं, पहिल्याच्या जवळजवळ दहापट किमतीचं. नळी काटकोनात कापली, आतून-बाहेरून बर काढली, टोकाला ब्रेक ऑइलचा थेंब लावला. पहिला फ्लेअर असा सुंदर आला की मी मामांना दाखवायला धावले. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, "झकास. आणि नट कुठाय?"

नट टेबलावर होता. फ्लेअर झाल्यावर तो नळीत जात नाही. दुसऱ्या टोकाचा फ्लेअर मी आधीच करून ठेवला होता! नळी कापून पुन्हा सगळं केलं.

तिचं प्लास्टर निघाल्यावर ती पुन्हा त्याच सीटवर बसली. गाडी सुरू करायच्या आधी तिने पेडल पूर्ण जोराने दाबून मिनिटभर तसंच धरलं. मी चारही चाकांपाशी आणि प्रत्येक नटापाशी कोरडा टिश्यू फिरवला. सगळे टिश्यू कोरडे निघाले. तेव्हाच तिने हेल्मेट घातलं.

ते साडेचारशेचं टूल फेकलेलं नाही. वर्कशॉपच्या कपाटात आहे, लाल डबीत. डबीवर मी मार्करने लिहून ठेवलंय, "फक्त तांबं." ज्युनिअर्सनो, तेवढं वाचा. आणि नट आधी घाला.