होडी खांद्यावर घेताना

आमच्या घराण्यात कोणी खलाशी झाला नाही. तथापि गेल्या ऑक्टोबरात शाळांना सुटी असता, शापोरा नदीतून होडीने प्रवास करण्याची जुनी इच्छा आम्ही पुरी करून घेतली. डिचोली तालुक्यातील साळ गावच्या बंधाऱ्याखालून निघावे आणि पेडण्यातील इब्रामपूर, चांदेल या गावांवरून कोलवाळच्या पुलापर्यंत उतरावे, असा बेत होता. सोबत एक वृद्ध मच्छीमार होते, ज्यांस सारा गाव तात्या म्हणतो, आणि त्यांचा तेरा वर्षांचा नातू.

ही नदी सह्याद्रीत उगम पावते. दोडामार्गात ती तिळारी, गोव्यात शापोरा. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला. तोपर्यंत खालच्या भागात एका तीरावर पोर्तुगीजांचे बारदेश आणि दुसऱ्या तीरावर सावंतवाडीकरांचा मुलूख होता. आज चांदेलच्या प्रकल्पात शुद्ध झालेले पाणी पेडण्यातील घरोघर पोहोचते. नळ सोडताना त्या नदीचे स्मरण आपणांपैकी कितीजणांस होते?

आम्ही समजत होतो की होडी मनुष्यास वाहून नेते. वरच्या भागात उलटा प्रकार घडला. पाणी खडकांतून पसरलेले, तळ टेकलेला. तात्या म्हणाले, “फादर, आता उतरायचे.” दोर बांधून बांबू आडवा घातला, खांद्याखाली गोणपाटाची चुंबळ दिली, आणि ते लाकडी धूड उचलून गोट्यांवरून निघालो. शे-दीडशे पावलांत आमचा श्वास फुलला. सत्तरीचे तात्या पुढे, चाळिशीतले आम्ही मागे, आणि थांबण्याची विनंती प्रत्येक वेळी मागूनच होत होती! असे दोनदा झाले.

दुसऱ्या खडकाळ टप्प्याखाली एक खोल कोंड लागला. तात्यांनी जाळे फेकले आणि पहिल्याच खेपेस काळुंदर व शेवटे मिळून टोपलीचा तळ झाकला. नातू गळ घेऊन प्रवाहातील एका खडकावर जाऊन बसला. आम्हीही जाळे फेकण्याचा प्रयत्न केला. ते बहुधा आमच्याच पायांत गुंतत होते. पण एकदा बरोबर पडले, आणि ओढताना हातास जे थरथरणारे ओझे जाणवले, त्याने आमचे भान हरपले.

इतक्यात तात्या पाण्याकडे टक लावून म्हणाले, “उदक गढूळ जालां, फादर. काठाक चला.”

आकाश स्वच्छ होते. ऊन पडले होते. पाण्यावर थोडा फेस आणि सुकी पाने वाहताना दिसत होती, एवढेच. आम्ही म्हणालो, “एकदाच टाकू, तात्या. पाऊस कुठे आहे?” त्यांनी वाद घातला नाही. ते सरळ पाण्यात शिरले, नातवाचे मनगट धरले आणि त्यास काठाकडे ओढू लागले. रोझरीचे एक दशक म्हणून व्हावे, एवढ्या वेळात गुडघ्याएवढे पाणी कमरेवर आले. मुलाचा पाय निसटला, तो तोंडावर पडला. तात्यांनी मनगट सोडले नाही. आम्ही बांबू पुढे केला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने पकडला. टोपली मासळीसह वाहून गेली. जेथे मूल बसले होते, तो खडक आता दिसत नव्हता.

पाऊस पडला होता, पण वर घाटात. डोंगरातील पाणी खाली यावयास वेळ लागतो. त्यापूर्वी फेस, पालापाचोळा आणि माती येऊन वार्ता देतात. २०१९ च्या ऑगस्टात मुसळधार पाऊस आणि तिळारी धरणातून सोडलेले पाणी यांमुळे साळ व इब्रामपूर परिसरात पूर आला होता. हे सारे आम्हांस ठाऊक होते. सेमिनरीत भूगोलही वाचला होता. परंतु हातात जाळे असता ते ज्ञान कोठे गेले, कोण जाणे!

होडी तिसऱ्यांदा खांद्यावर घेतली. या वेळी काटेरी झुडपांतून उभा चढ होता. आम्ही एकदाही थांबण्यास सांगितले नाही. कोलवाळ राहून गेले. सायंकाळी टेम्पोने परतलो. वाटेत तात्या त्या प्रसंगाविषयी एक शब्द बोलले नाहीत. आम्हीही गप्प राहिलो असतो, तर प्रकरण तेथेच मिटले असते.

पण दर शनिवारी आम्ही इतरांचे अपराध ऐकतो. म्हणून त्या रात्री मुलाच्या आईसमोर उभे राहून घडले ते सांगितले. तात्यांनी सावध केले होते आणि आम्ही ऐकले नाही, हेही सांगितले. तिने मुलाकडे पाहिले, पदराने डोळे पुसले, आणि काही वेळाने म्हणाली, “परत न्याल, तर तात्यांचे ऐका, फादर.”

येत्या सुटीत पुन्हा जावयाचे आहे. केव्हा निघावे आणि कोठे थांबावे, ते तात्या ठरवतील.