कायमचे बसवण्यापूर्वी

सांगलीच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे हळदीचा व्यापार केलेले एक गृहस्थ दंतवैद्याच्या खुर्चीत बसले होते. खालच्या दाढेचे रूट कॅनॉल पार पडले होते. आज कॅप बसवायची होती. संध्याकाळी भाचीच्या लग्नासाठी पुण्यास निघायचे होते. "डॉक्टरबाई, आज एकदाची चिकटवून टाका," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी तात्पुरती कॅप काढली, दाढ स्वच्छ केली आणि नवी कॅप सिमेंटशिवायच बसवून पाहिली. प्रथम दोन्ही बाजूंच्या फटींतून धागा घातला. धागा किंचित अडखळून आत जावा लागतो. सहज सरकला तर तेथे अन्न अडकते, मुळीच गेला नाही तर कॅप शेजारच्या दातांत अडून राहते. धागा ठीक गेला. मग त्यांनी बारीक टोकाच्या सळईने हिरडीलगतची कड तपासली. मागच्या बाजूस टोक अडकले. एक्स-रेमध्येही तेथे फट दिसली.

"काका, पुन्हा माप घ्यावे लागेल."

"एवढीशी फट! सिमेंटने भरून निघेल की."

"सिमेंट हळूहळू झिजते, काका. मग आत कीड शिरते. या दाढेची नस काढलेली आहे, त्यामुळे कळही येणार नाही. आणि एकदा चिकटवलेली कॅप बहुधा कापूनच काढावी लागते."

गृहस्थ गप्प झाले. त्यांची जीभ नकळत डावीकडच्या मोकळ्या जागेकडे गेली. तेथील दाढेवरही काही वर्षांपूर्वी दुसरीकडे कॅप बसवली होती. त्या दिवशीही त्यांना गाडी गाठायची होती. दहा मिनिटांत काम उरकले म्हणून त्यांनी चारचौघांत कौतुक केले होते. पुढे कॅपखाली दाढ किडून गेली, तेव्हा दोष मात्र दवाखान्याला दिला. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याखेरीज ज्यांनी कधी सौदा केला नाही, त्यांनी स्वतःच्या दाढेचा सौदा न पाहताच केला होता. तपासू नका, असा आग्रह त्यांचाच होता.

तात्पुरती कॅप घेऊनच ते लग्नाला गेले आणि त्या बाजूने चिकट मिठाई खाण्याचे त्यांनी टाळले.

परत आल्यावर नवी कॅप तयार होती. धागा झाला, कड झाली. रंगीत कागद चावावयास देऊन डॉक्टरबाईंनी जास्त टेकणारा ठिपका हलकेच घासला. "आता उंच लागते का?" त्यांनी विचारले. लागत नव्हती. खिडकीच्या उजेडात आरसा धरून रंगही दाखवला.

"लावू ना आता, काका?"

गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिले नाही. म्हणाले, "मागची कड तेवढी अजून एकदा बघून घ्या."